कुटुंबातील सदस्य : दोन

१४ मार्च

सिग्रिड म्हणाली, सगळं लिहून ठेव. कोण काय बोललं, कधी बोललं, बोलणाऱ्याचं नाव काय. "ऑफिसातली माणसं विसरतात, लोथार. आणि विसरली नाहीत तर त्यांची बदली होते." सिग्रिड समोरच्या दारात राहते. आम्ही या इमारतीत आलो त्याच वर्षी तीही आली. ती पोस्टात होती, त्यामुळे सरकारी कारभार आपल्याला आतून माहीत आहे असं तिला वाटतं. पंपिंग स्टेशनवर पाळीची नोंदवही लिहायचो, त्यापलीकडे मी कधी काही लिहिलेलं नाही. पण तिचं म्हणणं पटलं.

तर नोंद अशी. मार्लीज ९ फेब्रुवारीला गेली. आमच्या दोघांच्या पेन्शनी लहान, म्हणून घरभाड्यासाठी सरकारी मदत मिळत होती. फार नव्हती, पण तिच्यामुळे तीन खोल्यांचं भाडं जमत होतं. त्या मदतीची मुदत फेब्रुवारीअखेर संपली. आज नवा अर्ज घेऊन भाडेमदत कार्यालयात गेलो. फ्राउ नेस्टलर नावाच्या बाई आहेत. तिशीतल्या, बोलणं नीट.

'कुटुंबातील सदस्यसंख्या' हा रकाना मी रिकामा ठेवला होता. म्हटलं, तिथेच विचारू.

"दोन लिहा," त्या म्हणाल्या.

"माझी बायको वारली."

"हो, मृत्यूचा दाखला जोडलाय तुम्ही. म्हणूनच सांगते, दोन लिहा. कलम सहा आहे. घरातलं माणूस गेलं की पुढचे बारा महिने आम्ही संख्या कमी करत नाही. लोकांना दुःखात घर सोडायची वेळ येऊ नये म्हणून. फक्त तुम्ही घर बदललंत, किंवा कोणी नवीन राहायला आलं, तर ते संपतं."

"म्हणजे ती धरली जाते?"

"पुढच्या फेब्रुवारीअखेरपर्यंत."

दोन लिहिलं. नियम चांगला आहे. कोणीतरी विचार करून केलेला आहे. येताना पाव आणायचा राहिला. तळघरातून आलुबुखारांची एक बरणी वर आणली.

२३ मार्च

आज दोन पत्रं आली. कचरा विभागाने आमची माणसं दोनावरून एकावर आणली आणि त्याप्रमाणे कचऱ्याची पट्टी कमी केली. घर जिचं आहे त्या सोसायटीने पाण्याच्या हिशोबात तेच केलं. मी त्यांना काहीही कळवलं नव्हतं. दाखला निघाल्यावर तो आपोआप फिरत असणार. एवढ्या तत्परतेने पूर्वी कधी कुणी काही केल्याचं आठवत नाही.

सिग्रिड जिना पुसत होती, तिला पत्रं दाखवली. ती म्हणाली, "मेलेलं माणूस कचरा करत नाही, पाणी वापरत नाही, पण भाडं मात्र लागतं त्याला." मग फडकं पिळता पिळता म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नकोस."

वाटलं नाही. कचरा खरंच कमी होतो.

मार्लीजच्या पेन्शनचे पैसे खात्यात आले. मागे राहिलेल्याला पहिले तीन महिने तिची पूर्ण पेन्शन मिळते, आणि पोस्टात वेळेवर अर्ज केला तर तिन्ही महिन्यांचे पैसे एकदम, आगाऊ मिळतात. अर्ज सिग्रिडनेच करायला लावला होता. स्मशानातली जागा, दगड, त्यावरची अक्षरं, यात ते गेले. अक्षरांचा दर प्रत्येक अक्षरामागे असतो हे मला माहीत नव्हतं. आडनाव लांब आहे आमचं. पण सगळं लिहायला सांगितलं.

९ मे

मदत नाकारली. कारण : उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त.

पत्र पुन्हा वाचलं. मग कार्यालयात गेलो. फ्राउ नेस्टलर रजेवर. त्यांच्या खुर्चीत एक गृहस्थ बसले होते, त्यांनी नाव सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सिग्रिड ओरडेल.

"मार्चमध्ये तुमच्या खात्यात मोठी रक्कम जमा झाली," ते म्हणाले.

"ते तीन महिन्यांचे आहेत. एकदम आले."

"एकाच महिन्यात आले."

"हो, पण तीन महिन्यांचे."

"बँकेच्या कागदावर एकच तारीख दिसते. आम्ही ते मासिक उत्पन्न धरलंय. बारा महिन्यांनी गुणलंय."

"म्हणजे तुमच्या मते मला हे दर महिन्याला मिळणार?"

"माझ्या मते काही नसतं, हेर सायफार्ट. कागदावरून दिसतं ते. पटत नसेल तर लेखी हरकत घ्या. महिन्याच्या आत."

तिथेच भिंतीला टेकून हरकत लिहिली. खिडकीवरच्या बाईने शिक्का मारून पोच दिली. पंपिंग स्टेशनवर पुराच्या दिवशी मीटरने दाखवलेला आकडा कुणी वर्षाचा म्हणून धरला असता, तर त्याला आम्ही पुन्हा मीटरजवळ जाऊ दिलं नसतं.

सिग्रिडला सांगितलं. ती म्हणाली, "अभिनंदन! बायको गेल्यावर श्रीमंत झालेला आमच्या जिन्यातला तू पहिलाच." मग आत गेली आणि मसुराच्या सुपाचं पातेलं घेऊन आली. फ्रिजमध्ये ठेवलं आहे.

१३ मे

सूप आंबलं. पातेलं घासून परत दिलं. छान होतं म्हणून सांगितलं.

६ जून

मुलगी उल्रिका येऊन गेली. कीलहून इकडे यायला सहा तास लागतात आणि ती दोनच दिवस राहिली, त्यातला एक दिवस तिने फ्रिज आणि कपाटं उघडण्यात घालवला.

"बाबा, फ्रिजमध्ये मोहरीची ट्यूब आहे आणि लोणी आहे. बाकी काय खाता तुम्ही?"

"तळघरात बरण्या आहेत."

"आईच्या?"

"मग कुणाच्या असणार?"

ती खाली जाऊन बघून आली. मार्लीजने मागच्या उन्हाळ्यात आमचा बागेचा भाड्याचा तुकडा सोडून द्यायचा ठरवला होता, म्हणून होतं नव्हतं ते सगळं तिने भरून ठेवलं. फरसबी, लाल कोबी, खारवलेल्या काकड्या, आलुबुखार, सफरचंदाचा गर. दोन हिवाळे पुरेल इतकं. दोघांना.

उल्रिका वर आली ती नाक लाल करून. मग म्हणाली, "पट्ट्याला हे नवीन भोक कधी पाडलंत?"

जुनं चामडं सैल होतं, हे तिला समजावून सांगितलं.

सोसायटीतून फोन होता. तळमजल्यावर एका खोलीचं घर रिकामं होतंय, न्हाणीघर म्हाताऱ्यांच्या सोयीचं आहे, भाडं निम्म्याच्या आसपास. ऑक्टोबरअखेरपर्यंत माझ्यासाठी ठेवतील. उल्रिका म्हणाली, घ्या. मी म्हटलं, आधी हरकतीचा निकाल लागू दे. घर बदललं तर कलम सहा संपतं.

"संपलं तर संपलं! तळमजल्यावर मदत तरी कशाला लागेल तुम्हाला?"

तिला नियम नीट कळला नाही.

१९ जुलै

हरकत मान्य. उत्पन्न नव्याने मोजणार. पत्राखाली फ्राउ नेस्टलरची सही आहे, म्हणजे त्या परत आल्या. तोवर भाडं शिल्लकीतून भरतो आहे. शिल्लक फार दिवसांची नाही.

उकाडा आहे. झोपायच्या खोलीत ऊन येतं म्हणून सोफ्यावर झोपतो. हिवाळ्यातही तिथेच झोपत होतो. तेव्हा ती खोली थंड असायची.

२१ ऑगस्ट

हे जसंच्या तसं उतरवून ठेवतो, नाहीतर कुणी विश्वास ठेवणार नाही.

"आपण दिलेल्या माहितीनुसार आपल्या दोन सदस्यांच्या कुटुंबाचे उत्पन्न किमान गरजेपेक्षा कमी आढळते. एवढ्या उत्पन्नात दोन व्यक्तींचा उदरनिर्वाह होणे संभवनीय दिसत नाही. तरी आपण व आपल्या कुटुंबातील सदस्य कशावर उपजीविका करता, याचा खुलासा चार आठवड्यांत करावा. अन्यथा अर्ज नामंजूर करण्यात येईल."

मे महिन्यात मी श्रीमंत होतो. ऑगस्टमध्ये मी इतका गरीब आहे, की जिवंत असणं संभवत नाही. मधल्या काळात मी काहीही केलेलं नाही.

२६ ऑगस्ट

फ्राउ नेस्टलरना भेटलो. चिडायचं नाही असं ठरवून गेलो होतो.

"उत्पन्नाला वरची मर्यादा असते, हे मला माहीत होतं," मी म्हटलं. "खालचीही असते?"

"असते. अगदीच कमी असेल तर आम्हाला विचारावं लागतं. एकतर माणूस काहीतरी लपवतोय, नाहीतर त्याला भाडेमदत नाही, पूर्ण निर्वाहभत्ता लागणार आहे. आणि तो दुसऱ्या खात्यात मिळतो."

"माझ्या एकट्याला पुरतं."

"पुरतं. तुमचं एकट्याचं मी बघितलं, व्यवस्थित बसतं."

"मग?"

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. तो वळवायचा नसतो बहुतेक, कारण आधी त्यांनी दाराकडे बघितलं. "इथे सदस्य दोन आहेत. दोन म्हटलं की मशीन भाड्याची मर्यादा दोघांची धरतं, ते तुमच्या फायद्याचं. पण जेवणखाण, कपडे, वीज, सगळ्याची गरजही ते दोघांचीच धरतं. आणि दोघांचं या पैशांत भागणार नाही."

"पण ती काही खात नाही."

"मला कळतंय, हेर सायफार्ट."

"कपडेही घेत नाही."

"मला कळतंय. मशीनला कळत नाही. मला ते हाताने बदलता येत नाही, वर विचारावं लागेल. वरचे कायदा विभागाला विचारतील. ते कधी उत्तर देतील, ते मी सांगू शकत नाही." मग त्या पुढे झुकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "एक सुचवू? एक ओळ लिहून द्या. मी फेब्रुवारीपासून एकटा राहतो, माझी गणना एक सदस्य म्हणून करावी. रक्कम थोडी कमी होईल. पण या आठवड्यात मंजूर होईल, आणि मार्चपासूनची मिळेल."

"नियमाप्रमाणे दोन आहेत."

"नियम तुमच्या सोयीसाठी आहे. तुम्ही म्हणालात नको, तर कोण हरकत घेणार?"

"फेब्रुवारीअखेरपर्यंत दोन आहेत," मी म्हटलं. "तुम्हीच सांगितलंत. मार्चमध्ये."

मी टोपी घेतली आणि निघालो. कायदा आहे तो. सोयीचा असेल तेव्हा पाळायचा आणि मशीनला जमत नसेल तेव्हा सोडायचा, असं असेल तर कायदा कशाला करायचा?

२ सप्टेंबर

उल्रिकाचा फोन. सिग्रिडने तिला सांगितलेलं दिसतं. दोघींचं संधान कधी जुळलं कोण जाणे.

"बाबा, एक ओळ आहे फक्त."

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तुम्हाला कधीपासून तत्त्वं आहेत? आई म्हणायची, यांना रांगेत कुणी पुढे घुसलं तरी चालतं."

मी म्हटलं, फोनचं बिल वाढतंय. ती म्हणाली, आता बिल वाढत नसतं बाबा, कित्येक वर्षं झाली.

सिग्रिडचं त्याहून वाईट. ती दारात उभी राहून इतकी मोठ्याने बोलली की वरच्या मजल्यावर ऐकू गेलं असणार. "तुझं लग्न मार्लीजशी झालं होतं की कलम सहाशी?"

"हक्काचं आहे ते."

"हक्काचं आहे तर खा ना त्याच्यावर! महिन्यांमागून महिने चाललेत, एक दमडी आलेली नाही, आणि हा बसलाय दोन, दोन करत. सांगू मी काय ते? ऐकायचंय?"

नको म्हटलं. ती आत गेली. आजपासून दोन आठवडे जिन्याची पाळी तिची, पाटी तिच्या दाराला लटकते आहे. पण दुपारी माझ्या दारापुढचं मीच पुसून घेतलं, म्हणजे तिला इकडे यायला लागू नये.

१७ सप्टेंबर

खुलाशासाठी मुदत वाढवून मागितली, मिळाली. सोबत त्यांनी चार पानी तक्ता पाठवला आहे. 'दैनंदिन खर्चाचे विवरण.' प्रत्येक सदस्यासाठी वेगळा रकाना. सदस्य १. सदस्य २.

३० सप्टेंबर

तक्ता भरायला बसलो. माझा रकाना लवकर संपला. दूध, पाव, बटाटे, साबण, वर्तमानपत्र. कपडे : नाही. करमणूक : नाही. वर्तमानपत्र करमणुकीत धरायचं का ते लिहिलेलं नाही.

सदस्य २. अन्न : शून्य. कपडे : शून्य. औषधं : शून्य. हे सोपं जाईल असं वाटलं होतं. औषधांपर्यंत आलो आणि उठलो, बाहेर जाऊन आलो. परत येऊन उरलेले शून्य काढले. प्रवास, केस कापणं, भेटवस्तू, दूरध्वनी. केस कापायला ती महिन्यातून एकदा जायची, स्टेशनमागच्या दुकानात. आता तिथे नखांचं काहीतरी आहे.

शेवटच्या पानावर प्रश्न : 'कुटुंबातील किंवा बाहेरील कोणी व्यक्ती आपल्याला अन्नधान्य अथवा इतर वस्तूंच्या रूपाने मदत करते काय? असल्यास तपशील द्यावा.'

खोटं लिहायची मला सवय नाही. तळघरात जाऊन बघून आलो आणि तपशील दिला.

८ ऑक्टोबर

फ्राउ नेस्टलरने बोलावलं होतं. तक्ता टेबलावर, चौथं पान वर.

"हे काय लिहिलंय तुम्ही? 'होय. सदस्य २ कडून.'"

"खरं आहे ते."

"'फरसबी, लाल कोबी, आलुबुखार, सफरचंदाचा गर, काकड्या. मागील उन्हाळ्यात भरलेले.'" त्यांनी मान वर केली. "तुम्ही यावर राहता?"

"आणि बटाटे. तुम्ही विचारलंत, उपजीविका कशावर. मीही विचार केला. दूधपाव सोडलं तर बाकी सगळं तिचंच आहे. म्हणजे ती काही खात नाहीच, उलट मला जेवायला घालते. तुमच्या मशीनला सांगा, दोघांचा खर्च धरताय तर तिची कमाईही धरा."

त्या हसल्या नाहीत. मी विनोद केलाही नव्हता.

"किती बरण्या उरल्यात?"

"बावीस."

"संपल्यावर?"

"बदल झाला की कळवायचा असतो, अशी सूचना आहे पहिल्या पानावर. कळवीन."

त्यांनी तक्ता बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "हेर सायफार्ट, आज सकाळपासून काही खाल्लंय तुम्ही?"

"तो प्रश्न तक्त्यात नाही."

"मी विचारतेय."

मी आठवून बघितलं. लगेच आठवेना. त्यांनी खालचा खण उघडला, डबा काढला, त्यात पावाचे दोन जोड होते, चीज आणि मुळा. एक माझ्यापुढे सरकवला.

"तुम्हाला चालतं का हे?" मी विचारलं. "अर्जदारांशी देवघेव."

"घ्यायला बंदी आहे मला. द्यायला कुणी बंदी केलेली नाही. खा."

खाल्लं. दुसराही त्यांनी सरकवला, म्हणाल्या मला आज भूक नाही. तोही खाल्ला. बाहेर लोक वाट बघत होते. कुणीतरी दार ठोठावलं तेव्हा त्या "थांबा!" असं ओरडल्या, त्यांचा आवाज एवढा मोठा असेल असं वाटलं नव्हतं.

मी रुमालाने टेबलावरचे कण गोळा केले. त्या म्हणाल्या, "मी स्वतः वर घेऊन जाते हे. आजच. आणि तुम्ही ती एक ओळ लिहू नका. मी सुचवलं ते विसरा."

मुळा ताजा होता.

३१ ऑक्टोबर

सोसायटीचा फोन. आज शेवटचा दिवस, तळमजल्याचं काय करायचं? निकाल आलेला नाही. शिल्लक पुढच्या महिन्याचं भाडं भरेल, त्यापुढचं नाही. तरी म्हटलं, दुसऱ्याला द्या. त्यांनी विचारलं, नक्की? मी म्हटलं, हो. फोन ठेवल्यावर खुर्चीत बसून राहिलो. चूक केली असेन.

११ नोव्हेंबर

सिग्रिडने मार्टिनच्या सणाला बदकाची तंगडी केली आणि दार वाजवून म्हणाली, "इथे आणून देणार नाही. पातेलं घासून परत मिळतं आणि आतलं कुठे जातं ते मला माहीत आहे. माझ्या टेबलावर येऊन खायचंय." गेलो. तंगडी होती आणि लाल कोबी. मार्लीज कोबीत लवंग घालायची, ही घालत नाही. दुसऱ्यांदा वाढून घेतलं. सिग्रिड काही न बोलता बघत होती, तिला ते किती कठीण गेलं असेल.

२६ नोव्हेंबर

मंजूर.

सदस्यसंख्या दोन. किमान गरज मोजताना मयत सदस्याचा खर्च धरू नये, असं कायदा विभागाने कळवलं आहे आणि ते यापुढे सगळ्यांनाच लागू होईल. मार्चपासूनची रक्कम एकदम मिळेल. मदत फेब्रुवारीअखेरपर्यंत.

जिंकलो. पत्र घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि तिला सांगायला तोंड उघडलं.

दुसऱ्या पानावर सदस्यांची नावं आहेत. एक, सायफार्ट, लोथार. दोन, सायफार्ट, मार्लीज. तिच्या नावापुढे कंसात : मयत. हे मला अपेक्षित असायला हवं होतं. दाखला मीच जोडला होता. या शब्दासाठी मी नऊ महिने भांडलो असं म्हणता येईल.

सिग्रिडला पत्र दाखवलं. तिने दोन्ही पानं वाचली, चष्मा काढला आणि पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही.

१२ जानेवारी

पैसे डिसेंबरच्या सुरुवातीलाच आले. बाकी डिसेंबरमध्ये लिहिण्यासारखं काही नव्हतं. नाताळला कीलला गेलो होतो. उल्रिकाने वजनकाट्यावर उभं केलं.

आज सोसायटीत जाऊन सांगून आलो, मार्चनंतर एखादं दोन खोल्यांचं निघालं तर कळवा. तिथल्या बाईने विचारलं, ऑक्टोबरमध्ये तर नको म्हणत होता? मी म्हटलं, तेव्हा आम्ही दोघं होतो. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला कलम सहा माहीत नसणार.

२८ फेब्रुवारी

आज मुदत संपली. मार्चपासूनचा अर्ज टपालाने पाठवता आला असता. पण आज कार्यालय दुपारपर्यंत उघडं असतं, म्हणून गेलो. ९ तारखेला स्मशानात जाऊन आलो होतो. दगडावर बर्फ होतं, अक्षरं हाताने मोकळी केली. ते त्या दिवशी लिहिलं नाही.

फ्राउ नेस्टलर म्हणाल्या, "उद्या, परवा, कधीही आलात तरी चाललं असतं."

"उद्यापासून एक," मी म्हटलं. "आजच लिहितो."

त्यांनी अर्ज पुढे ठेवला आणि स्वतःचं पेन दिलं. सदस्यसंख्येच्या रकान्यात मी एक लिहिलं. वाटलं होतं त्यापेक्षा लवकर लिहून झालं. त्याच्याखाली नवीन रकाना होता, मागच्या वर्षी हा नव्हता किंवा मी पाहिला नव्हता. 'एकटे राहत असल्यास, केव्हापासून?'

९ फेब्रुवारी लिहिलं. मागच्या वर्षीची.

त्यांनी अर्ज फिरवून वाचला. "इथे एक मार्च लिहायचं. उद्याची तारीख."

"मी उद्यापासून एकटा होणार नाही."

"मला माहीत आहे."

"ऑगस्टमध्ये तुम्ही म्हणालात, एकटा आहे असं लिहा. आता लिहितो तर म्हणता, आजपर्यंत नव्हतात."

"मी म्हणत नाही, हेर सायफार्ट." त्यांनी आकडे टाकून बघितले. पडद्यावर लाल चौकोन आला. पुन्हा टाकले, पुन्हा आला. "बघा. तुमची तारीख घेतच नाही. त्याच्या हिशोबाने तुम्ही आज संध्याकाळपर्यंत दोघं आहात."

मला एकदम राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. बाई समोर होती, पण तिचा काही दोष नव्हता. मी म्हटलं, "वर्षभर खरं काय ते कुणाला नको होतं. मलाही नको होतं, ते सोडा. पण आता हवंय, तर ते लिहायला तुमच्याकडे जागा नाही?"

त्यांनी पेन घेतलं. माझ्या तारखेवर पट्टी ठेवून एक रेघ मारली, फक्त एक, बारीक. वर १ मार्च लिहिलं आणि बाजूला माझी सही घेतली. "खोडताना खालचं वाचता आलं पाहिजे, असा आमच्याकडे नियम आहे," त्या म्हणाल्या. "फाईल दहा वर्षं राहते."

मी अर्ज जवळ घेऊन बघितलं. वाचता येत होतं.